सन्मान नामवंतांचा की अनामिकांचा?

ज्ञातिसंस्थांचे जुने वार्षिक अंक ज्यांनी जपून ठेवले असतील, त्यांनी ते एकदा उघडून पाहावेत. पहिल्या चार-सहा पानांवर पागोटी-पगड्या घातलेल्या गृहस्थांची छायाचित्रे असतात आणि नावांआधी रावसाहेब, रावबहादूर, क्वचित दिवाणबहादूर ही अक्षरे ठळक छापलेली असतात. ज्ञातीतील एकास अशी पदवी मिळाली म्हणजे ती सर्व ज्ञातीसच मिळाली, असे मानण्याचा तो काळ होता. त्या पदव्या गेल्या. मान कोणास द्यावा हा प्रश्न मात्र गेला नाही. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पद्म पुरस्कारांची यादी प्रसिद्ध होते आणि तीवरून घरोघर वाद रंगतो. खेळाडू व नटनट्या यांना आधीच काय कमी आहे, असे एक पक्ष म्हणतो. ज्यांचे नाव आम्ही कधी ऐकले नाही त्यांना राष्ट्रीय मान कशाला, असे दुसरा विचारतो. या वादामागील इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

इंग्रजी अमदानीतील पदव्या सरकारनिष्ठेचे बक्षीस होत्या, असे सरसकट म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ते सर्वस्वी खरे नव्हे. धर्मशाळा व शाळा बांधणाऱ्या काही सज्जनांसही त्या मिळाल्या. परंतु पदवी मिळण्यास साहेबाच्या नजरेत भरावे लागे, आणि शेतावर राबणारा मनुष्य साहेबाच्या नजरेत भरत नसे, हेही तितकेच खरे.

याच काळात लोकांनी स्वतःच पदवी देण्याचा प्रघात आपल्या प्रांतात रुजला. जोतीराव फुले यांस सरकारी मान मिळाला नव्हता असे नाही. ता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात त्यांच्या शिक्षणकार्याबद्दल मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शाल अर्पण झाली होती. परंतु आज ती शाल कितीजणांस आठवते? आठवतो तो ता. ११ मे १८८८ चा मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील समारंभ. साठी उलटलेल्या जोतीरावांस तेथे लोकांनी 'महात्मा' ही पदवी दिली. ती देण्याचे काम विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर या गृहस्थांकडे होते, आणि ते स्वतः रावबहादूर होते! सरकारची पदवी धारण करणाऱ्याच्या मुखातून लोकांची पदवी उच्चारली गेली, आणि दोहोंपैकी टिकली ती दुसरी. पुढे १९१९ साली कानपूर येथे शाहू छत्रपतींस 'राजर्षी' म्हटले गेले, तेही एका ज्ञातिपरिषदेतच. कुर्मी क्षत्रियांची ती परिषद होती. ज्ञातिसंस्थांनी केलेले सगळेच काम संकुचित होते असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी अठराव्या कलमाने लष्करी व विद्याविषयक बहुमान वगळता सर्व पदव्या रद्द केल्या. त्यानंतर चारच वर्षांनी, ता. २ जानेवारी १९५४ रोजी, भारतरत्न व पद्मविभूषण हे सन्मान निर्माण झाले. पद्मविभूषणाचे तेव्हा पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग होते. आगगाडीच्या डब्यांप्रमाणे माणसांचे वर्ग पाडणे बरे दिसले नसावे. १९५५ च्या जानेवारीत त्यांस पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री ही आजची नावे मिळाली. हे सन्मान म्हणजे मागच्या दाराने आलेल्या पदव्याच होत, असा आक्षेप आचार्य कृपलानींनी घेतला व १९६९ साली ते बंद करण्याचे विधेयक लोकसभेत आणले. ते फेटाळले गेले. १९७७ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने सन्मान थांबविले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. आणि १९९१ साली खुद्द मोरारजींसच भारतरत्न मिळाले. अखेर १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे सन्मान पदव्या नव्हेत, मात्र कोणी ते आपल्या नावामागे वा पुढे लावू नयेत. लग्नपत्रिका छापणारे आमचे काही बंधू हा निर्णय अद्याप वाचू शकलेले दिसत नाहीत.

असो. मूळ प्रश्न मान कोणास, हा आहे. १९५८ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांस भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांच्या वयास शंभर वर्षे झाली होती. १८९३ साली विधवेशी विवाह केला म्हणून ज्यांस मुरूडच्या ग्रामस्थांनी वाळीत टाकले, त्यांस राष्ट्राने मस्तकी धरले. याहून योग्य निवड आम्हांस सांगता येणार नाही. तरीही या निवडीपाशी आम्ही थोडे थांबतो. हिंगण्याचा आश्रम उभा राहिला तो एकट्या अण्णांच्या कष्टांवर नव्हे. त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांनी संस्थेसाठी दारोदार निधी जमविला. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले या केशवपन केलेल्या विधवा. त्या आश्रमाच्या कामासाठी थेट अमेरिकेस गेल्या व तेथे परक्या घरी घरकाम करून राहिल्या. बाया १९५० साली वारल्या, म्हणजे सन्मान सुरू होण्यापूर्वीच. पार्वतीबाई १९५५ पर्यंत हयात होत्या. त्यांच्या वाट्यास यांतील काही आले नाही. दोघी भगिनींनी आत्मचरित्रे लिहिली म्हणून तरी त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. ज्यांनी लिहिले नाही, त्या आश्रमातील इतर स्त्रियांची नावे कोण सांगणार?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पहिलवान खाशाबा जाधव यांची कथा याच जातीची आहे. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा गावाने वर्गणी काढली व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीस लागले आणि १९८४ साली अपघातात वारले. हयातीत त्यांना एकही पद्म सन्मान मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. उलट २०११ च्या डिसेंबरात भारतरत्नाचे नियम सैल करून कोणत्याही क्षेत्रातील व्यक्तीस ते देण्याची सोय झाली व २०१४ साली सचिन तेंडुलकर यांस ते अर्पण झाले. सचिनच्या खेळाबद्दल आमच्या मनात किंतु नाही. लतादीदींना २००१ साली भारतरत्न जाहीर झाले तेव्हा तर आम्ही शाळेत पेढे वाटले होते. परंतु रूपेरी पडद्यावरून मुख्यमंत्रिपदी पोहोचलेल्या एम. जी. रामचंद्रन यांस निधनानंतर लगोलग १९८८ साली भारतरत्न मिळते आणि डॉ. आंबेडकरांस महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षे उलटल्यावर, १९९० साली मिळते, हा क्रम कोणत्या तराजूने लावला, ते समजत नाही. पडद्यावरचा चेहरा सर्वांस रोज दिसतो. मान मिळण्यास तेवढे पुष्कळ होते, असे दिसते.

आमच्या मते या वादातील खरे दुखणे येथेच आहे. निवड करणारे लोक दुष्ट असतात असे नव्हे. ज्याची माहिती समोर येते त्याचीच निवड होते. आणि नामवंताची माहिती लिहावी लागत नाही, अनामिकाची कोणीतरी लिहावी लागते. २०१६ सालापासून कोणाही नागरिकास संगणकावरून पद्म सन्मानासाठी नाव सुचविता येते. अट एवढीच, की त्या व्यक्तीच्या कार्याची हकिकत जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहावयाची. त्यानंतरच्या याद्या पाहाव्यात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या राहीबाई पोपेरे यांस गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्याच यादीत मंगळुरास संत्री विकणारे हरेकळा हाजब्बा आहेत. परदेशी प्रवाशाने इंग्रजीत विचारलेला संत्र्यांचा भाव त्यांस कळला नाही, त्याची खंत मनात धरून त्यांनी संत्र्यांच्या पैशातून आपल्या गावी शाळा उभी केली. पुढील वर्षीच्या यादीत पिंगुळीचे परशुराम गंगावणे आहेत, ज्यांनी ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी जिवंत ठेवली. चांगला निबंध म्हणून ८०० शब्द ही काही फार मोठी मर्यादा नव्हे. आमचे विद्यार्थी परीक्षेत त्याहून अधिक लिहीत. तरी ते लिहिण्यास आपण बसत नाही.

हे दुसऱ्यांस सांगण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाही. आम्ही आमच्या ज्ञातीच्या सत्कार समितीवर अकरा वर्षे होतो. दरवर्षी अर्ज येत. पदवी, हुद्दा, परदेशगमन असे रकाने पाहून आम्ही नावे मुक्रर करीत असू. शाल स्वीकारण्यास व्यासपीठावर येणाऱ्या डॉक्टर-इंजिनियरांपैकी कित्येक आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले, आणि तेथे एकतीस वर्षे त्यांस भाकऱ्या करून घालणाऱ्या मावशी मांडवाच्या मागे पंगतीची तयारी करीत उभ्या असत. पैसे न आलेल्या मुलाचेही ताट त्यांनी कधी मोडले नाही. कोणाचे जेवण बंद करा असे कार्यालयाने सांगितले तर आपल्या वाटणीतून वाढीत. या अकरा वर्षांत त्यांचे नाव सुचविण्याचे आमच्या मनातही आले नाही. त्यांचा अर्जच आला नव्हता ना!

राष्ट्राचा मान राहो, ज्ञातीची शाल तरी त्यांस मिळावी म्हणून यंदा आम्ही त्यांच्या घरी जाऊन अर्ज भरावयास बसलो. पहिलाच रकाना जन्मतारखेचा. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, ती शाळेत घालताना लिहितात. मला कोणी घातलेच नाही." शिक्षण, हुद्दा व परदेशगमन हे रकानेही कोरेच राहिले. उरलेल्या जागेत मावत नव्हते म्हणून आम्ही दोन पुरवण्या जोडल्या व अर्ज समितीकडे दिला आहे. समितीची बैठक हा अंक छापून झाल्यानंतर भरावयाची आहे.