मुलुखमैदान आणि माझी एक चूक

मंडळी, सोलापुरात मास्तरकी करताना मी सातवीची सहल विजापूरला नेत असे. मुलुखमैदान तोफेपाशी पोरं जमली की सुरू व्हायचो: ही १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमीने ओतली, वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आत, तोंड मात्र माणूस आत बसेल एवढं! १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हिच्यात तांब्याची नाणी भरून रामरायाच्या फौजेवर डागली, असं सांगतात. इथवर ठीक. पुढे मी पदरचं घालायचो. "नळी आखूड म्हणून नाणी पसरली. उपळी बुरुजावरच्या नऊ मीटर लांब तोफेतून ती एकत्र गेली असती." पोरं वहीत उतरवून घ्यायची.

परवा पुतण्या हसला. त्याच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. म्हणाला, "काका, छर्रे किती पसरतात ते लांबीवर नाही, नळी तोंडाशी किती आवळलीय त्यावर." त्याला चोक म्हणतात, न्यूकॅसलच्या पेप नावाच्या कारागिराने १८६६ साली त्याचं पेटंट घेतलं. ४० यार्डांवर ३० इंचांचं वर्तुळ आखून आत किती छर्रे बसले ते मोजतात. चोक तोच असेल तर नळी २६ इंची असो की ३२, फरक नगण्य. लांबीने वेग थोडा वाढतो, नेम धरायला बरं पडतं, एवढंच.

जुन्या तोफांना असा आवळ नसे. म्हणजे लांब तोफेतूनही नाणी पसरलीच असती.

त्या पोरांपैकी काही आता पन्नाशीला आलीत, दोघंतिघं हे वाचतही असतील. वही सापडली तर ती ओळ खोडा रे.