यंत्राची तक्रार : पुणे जिल्ह्यातील जलद्वारांच्या इतिहासातील एक धागा

यंत्राचा इतिहास लिहिताना शोधकाचे नाव व साल नोंदवून थांबण्याची आपली रीत आहे. यंत्र बिघडते तेव्हा ते काय सांगते आणि ते कोणास कळते, या प्रश्नासही इतिहास आहे. पुणे जिल्ह्यात त्याचा माग चांगला लागतो.

खडकवासला धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजिलेली स्वयंचलित दारे १९०३ साली बसविण्यात आली. तलावाची पातळी ठरीव मर्यादेपलीकडे चढली की दार उघडावे, ती उतरली की मिटावे, अशी ही योजना होय. येथे पाणी हेच मापक व तेच चालक. गजराची सोय नाही. दार अडकले तर ते कळण्यास पाहणारा डोळाच हवा. तरीही ‘स्वयंचलित’ हे विशेषण त्या दारास जितके शोभते तितके आजच्या विद्युत्‌चालित दारास शोभत नाही, असे मला वाटते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचेही गेले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पानशेतच्या निर्गममार्गावरील दाराची उचलयंत्रणा तेव्हा अपुरीच होती. कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की दार असणे आणि दार हलविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विद्युत्‌चालकात मोटर, दंतचक्रांची पेटी, दोन टोकांस थांबविणारे लिमिट स्विच आणि भार वाढताच प्रवाह तोडणारा टॉर्क स्विच असतो. टॉर्कचा दिवा लागला म्हणजे ‘जोर फार पडला’ एवढेच कळते. खाचेत गाळ साचला, दांडा वाकला, वंगण सुकले की स्विचचीच मर्यादा चुकीची बांधली, हे दिवा सांगत नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर चिन्ह एक, अर्थ अनेक. त्याहून घातक प्रकार मूक असतो. केबल दुरुस्त करताना तीनपैकी दोन फेजांची अदलाबदल झाली तर मोटर उलट फिरते. ‘बंद’ची आज्ञा दिली की दार उघडू लागते आणि उघडण्याच्या टोकाचा स्विच त्या वेळी मंडलातच नसल्याने ते टोकापलीकडे रेटले जाते. म्हणून जाणता यंत्रज्ञ दार प्रथम हातचाकाने मधोमध आणतो, क्षणभरच वीज देतो आणि दिशा पाहतो. गजर पुसून पुन्हा बटण दाबणे, ही मात्र सर्वत्र आढळणारी खोड.

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावात विहिरीवरच्या पंपाविषयी जी भाषा कानी येते ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ‘फेज गेला’, ‘मोटार ट्रिप झाली’, ‘मोटार जळाली’ हे तीन प्रयोग समानार्थी नव्हेत. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात संरक्षण, तिसऱ्यात परिणाम. एक फेज नसताना तीन फेजांची मोटर सुरू न होता नुसती घुमते व तापते. त्या घुमण्यावरून शेतकरी दिव्याविना निदान करतो. नियंत्रणकक्षातील पाटीवर मात्र या तिन्ही अवस्थांसाठी पुष्कळदा ‘फॉल्ट’ हा एकच शब्द असतो. आपल्या परिभाषाकोशांनी त्यास ‘दोष’ हा प्रतिशब्द देऊन हा संकोच जसाच्या तसा मराठीत आणला. विहिरीवर ऐकू येणारा भेद टिपला नाही.