पुढच्या तारखेचं पुस्तक

बँकेत पुढच्या तारखेचा चेक आला, की आम्ही तो मुकाट्याने परत करतो. त्यामुळे फोर्टच्या फुटपाथवर 'डॉक्टर हू'चं १९७७ सालचं, पण १९७६ मध्येच निघालेलं वार्षिक हाती लागलं, तेव्हा माझा कारकुनी हात आधी अडखळलाच.

इंग्लंडात हा रिवाजच! नाताळच्या भेटीसाठी मुलांची वार्षिकं आधीच बाजारात येत, वर्ष मात्र पुढचं. आपले दिवाळी अंक निदान त्याच दिवाळीचे असतात. ही मालिका बीबीसीवर १९६३ साली सुरू झाली. १९६५ पासून मँचेस्टरच्या वर्ल्ड डिस्ट्रिब्यूटर्सनी तिची वार्षिकं काढली. नायकच काळातून हिंडणारा. त्याला पुढची तारीख शोभली म्हणा!

माझ्या प्रतीचा किमतीचा कोपरा कापलेला. मावश्या-आत्या तिकडेही भेटीची किंमत लपवतात. आत कुण्या पोराने कोडी सोडवलेली, तीही चुकीची. संग्राहकांच्या लेखी अशी प्रत म्हणजे फाटकी नोट.

पण गंमत पुढेच आहे. टेप महाग, म्हणून बीबीसीने जुने भाग पुसून टेपा पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले कित्येक भाग आजही सापडलेले नाहीत. म्हणजे खुद्द मालिका पुसली गेली आणि पोरांची पेन्सिल शाबूत राहिली!

परवा आमचे चिरंजीव उरलेलं एक कोडं सोडवायला बसले. "अरे, किंमत घसरेल!" असं ओरडणार होतो. मग गप्प बसलो आणि पेन्सिलीला टोक काढून दिलं.