नोंदवहीतून निसटलेली सायकल

१/
आजोबांच्या जुन्या पेटीत मला एक पितळी बिल्ला सापडला. त्यावर नगरपालिकेचे नाव, वर्ष आणि एक क्रमांक कोरलेला आहे. सायकलीचा कर भरल्याची ती खूण होती. पुणे एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई. ती ओळख कशी घडली, कशी पुसली गेली आणि शहरांतील सायकलीच्या भवितव्याविषयी हा इतिहास काय सांगतो, याचा हा धागा.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेली सायकल आरंभी इंग्रज अधिकारी आणि मोजके धनिक यांच्यापुरती मर्यादित होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती कारकून, शिक्षक, दूधवाले आणि टपालवाले यांच्या हाती आली. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) या ग्रंथात शिवणयंत्र आणि टंकलेखन यंत्र यांच्या पंगतीत सायकलीला बसवले आहे. भारतीय आधुनिकता घडवणाऱ्या यंत्रांत रेल्वेइतकीच ही छोटी यंत्रेही महत्त्वाची होती, हे त्यांचे प्रतिपादन.

३/
रॅले, बीएसए, हंबर ही नावे तेव्हा इंग्लंडहून येत. स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादनाने वेग घेतला. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ ची, सोनीपतची अ‍ॅटलास १९५१ ची, आसनसोलचा सेन-रॅले कारखाना १९५२ चा आणि लुधियान्याची हीरो १९५६ ची. मध्यमवर्गाला आणि कामगाराला सायकल परवडू लागली, ती या काळात.

४/
पुण्याला ती विशेष मानवली. पेठा एकमेकींना लागून, अंतरे थोडी, हवा सौम्य. शहरात महाविद्यालये, कचेऱ्या आणि छापखाने. जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना. ज्याला सायकल विकत घेणे जमत नसे, त्याच्यासाठी तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. मुलीही सायकलवरून महाविद्यालयात जात आणि एकटीने शहरात फिरण्याचे स्वातंत्र्य अनेकींना प्रथम या वाहनाने दिले.

५/
या वाहनामागे एक शासनव्यवस्थाही उभी होती. कर भरून बिल्ला घ्यावा लागे. अंधार पडल्यावर दिवा लावणे सक्तीचे होते. ‘डबलसीट’ जाणाऱ्याला पोलीस अडवीत. आज हे किस्से विनोदाने सांगितले जातात. परंतु त्यांचा अर्थ गंभीर आहे. सायकलस्वार हा तेव्हा रस्त्याचा मान्यताप्राप्त वापरकर्ता होता. शासन त्याला मोजत होते, म्हणून तो शासनाला दिसत होता.

६/
मग पारडे फिरले, आणि विलक्षण योगायोग असा की ते फिरवणारी वाहने याच परिसराने देशाला दिली. १९५९ मध्ये बजाजला दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या निर्मितीचा परवाना मिळाला. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. परवाना राजच्या त्या काळात लोक नोंदणी करून स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबत.

७/
१९७२ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी ‘चेतक’ आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ आणली. लूनाला पायडल होते. सायकल आणि मोटार यांच्या संधिकालाचे त्याहून नेमके प्रतीक सापडणार नाही. सायकलस्वाराने पायडल न सोडता इंजिन स्वीकारले. पुढच्या पिढीने पायडलही सोडले.

८/
यात पुणेकरांचा काही मूर्खपणा नव्हता. १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयानंतर अनेक कुटुंबे जुन्या वस्तीतून बाहेर पडली. पिंपरी-चिंचवड आणि हडपसर परिसरात उद्योग वाढले. घर आणि काम यांच्यातील अंतर कित्येक पटींनी ताणले गेले, आणि बससेवा त्या मानाने तोकडी राहिली. अशा वेळी स्कूटर घेणे हा शहाणपणाचाच निर्णय होता. मात्र लाखो घरांतील अशा शहाण्या निर्णयांची बेरीज होऊन जे शहर उभे राहिले, ते सायकलला जागा नसलेले होते.

९/
आता त्याच १९७२ मध्ये नेदरलँड्सला जाऊ. आजचे हे ‘सायकलींचे राष्ट्र’ तेव्हा मोटारीच्या मागे धावत होते. १९७१ च्या एका वर्षात तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अपघातात आपली मुलगी गमावलेल्या विक लांगेनहॉफ या पत्रकाराने १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ अशा शीर्षकाचा लेख लिहिला आणि त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली.

१०/
१९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या. लोकांनी रिकामे रस्ते डोळ्यांनी पाहिले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. त्याच दशकात हेग आणि टिलबर्ग येथे प्रायोगिक सायकलमार्ग बांधले गेले. तेथील आजचे चित्र घडले ते संघर्षातून आणि त्यानंतरच्या दीर्घ बांधकामातून. सपाट जमीन तेथे पूर्वीही होतीच.

११/
पुण्यातही प्रयत्न झाले. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी आली, तिच्यासोबत सायकलमार्गही आले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ओफो, मोबाईक यांसारख्या कंपन्यांच्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर दिसू लागल्या. काही काळातच त्या दिसेनाशा झाल्या. जे मार्ग बांधले गेले, ते सलग नव्हते. कोठे मार्गात खांब, कोठे उभ्या केलेल्या गाड्या. चौक येताच मार्ग संपतो, आणि सायकलस्वाराला खरी भीती असते ती चौकातच.

१२/
येथे पुन्हा तो बिल्ला आठवतो. सायकलीचा कर गेला, ही गरीब माणसासाठी चांगलीच गोष्ट झाली. पण करासोबत नोंदवहीही गेली. मोटारींची नोंद परिवहन कार्यालयात रोज होत राहिली, सायकलींची थांबली. ज्याचा आकडा वाढताना दिसतो, त्याच्यासाठी रस्ता रुंद होतो. ज्याचा आकडाच नाही, तो जणू रस्त्यावर नाहीच.

१३/
प्रत्यक्षात तो आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शहरात पहाटे नीट पाहा. रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, हँडलला डबा अडकवून निघालेला बांधकाम मजूर. महागड्या सायकलीवरून व्यायामाला जाणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. यांची येत नाहीत. शहरातील सायकलीचे भविष्य कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर यांना वगळून दिले, तर पुढचा आराखडाही कागदावरच राहील.

१४/
म्हणून समारोपाला एक विनंती. इतिहासाचा अभ्यास नोंदींवर चालतो, आणि या विषयाच्या नोंदी अभिलेखागारापेक्षा आपल्या घरांत अधिक आहेत. आजी-आजोबांना विचारा: सायकल कधी घेतली, कितीला घेतली, रोज कोठून कोठे जात होता, आणि कोणत्या दिवशी, का सोडली? शेवटचा प्रश्न विसरू नका. कोणाच्या पेटीत असा बिल्ला निघाला, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली अवश्य द्या. माझ्या आजोबांचा क्रमांक मला वाचता आला. त्यांचा रस्ता मात्र मला अजून शोधायचा आहे.