आयर्विनला किती?

आषाढाची झड लागली आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की सांगलीपासून खाली राजापूरच्या बंधाऱ्यापर्यंत कृष्णाकाठची माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘आयर्विनला किती?’ चहाच्या गाड्यावर, डेअरीत दूध घालताना, लग्नाच्या बैठकीतसुद्धा. सांगली संस्थानाच्या काळात 1929 साली सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला, तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं गेलं. व्हाइसरॉय आता कुणाच्या लक्षात नाही. पुलापाशी वाचलेले फूट आणि इंच मात्र तालुक्यांच्या जिभेवर असतात. 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातली माणसं चाळिशीच्या आधीच सामान बांधायला घेतात. पंचगंगेकडचे पाहुणे ‘राजारामला किती?’ म्हणतात. त्यांचा हिशेब राजाराम बंधाऱ्याचा, 39 आणि 43 चा.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, दोन्ही हिशेब जिथं एकत्र येतात त्या टापूत. वरून कृष्णा येते, हरिपूरला वारणा पोटात घेऊन. पश्चिमेकडून पंचगंगा येते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. खाली दानवाडकडून दूधगंगा. सगळ्या नद्या एकाच वेळी भरल्या, की आधी कुणी जायचं हे ठरत नाही आणि पाणी आमच्या मळीत येऊन बसतं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पुराचं पाणी खुट्टीनं मोजायचे. पाण्याच्या कडेला बाभळीची खुट्टी ठोकायची, तासाभरानं जाऊन बघायचं. खुट्टी बुडाली तर पाणी चढाला, उघडी पडली तर उताराला. रात्री कंदील घेऊन जायचे. सकाळी पारावर आपला आकडा सांगायचे आणि दुसऱ्यांचे ऐकायचे. टेलिफोन नव्हता, पण वरचं पाणी त्यांना कळायचं. कऱ्हाडचं पाणी सांगलीला यायला एक दिवस-रात्र लागते, हा त्यांचा जुना हिशेब. औदुंबरच्या घाटाची खबर भिलवडीकडचे पाहुणे आणायचे, सांगलीची एसटीचा ड्रायव्हर. वाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिण दारातून बाहेर पडलं, की दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी लोटायची. आजी हात जोडायची. आण्णाही जोडायचे आणि लगेच गोठ्याकडे वळायचे, कारण वाडीला देऊळ भरलं म्हणजे आमच्या ओढ्यात पाणी उलटं यायला लागलं.

आजी चौदा सालच्या पुराचं सांगायची, तिच्या सासूकडून ऐकलेलं. कणग्या वाहून गेल्या, माणसं माळावर राहिली. पण तिच्या गोष्टीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. ते पाणी जसं आलं तसं गेलं, असं ती म्हणायची. मळीवर गाळाचा थर टाकून गेलं आणि पुढच्या सालात जोंधळा डोक्याच्या वर गेला. पूर यायचा, त्याचं भय होतंच, पण तो जायचाही.

आण्णांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. “पाणी चढताना भिऊ नगंस. तटलं की भी.” वरचा पाऊस उघडलाय, सांगलीत उतार पडलाय आणि आपली खुट्टी मात्र जागची हलत नाही, म्हणजे खाली कुठंतरी वाट अडलीय.

अशी वाट एकदा आमच्याच शिवेवर अडली होती. साखर कारखाने नवे होते, गावोगाव ऊस वाढत होता. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गाड्या निघाव्यात म्हणून आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मधला रस्ता मुरुमाचा भराव टाकून पुरुषभर उंच केला. पाण्याला वाट म्हणून दोन-तीन नळ्यांच्या मोऱ्या घातल्या. रस्ता झाला म्हणून आमच्या गावानं नारळ फोडला. पुढच्याच पुरात भरावाच्या वरच्या अंगाला, म्हणजे शेजाऱ्यांच्या शिवारात, पाणी तटलं. उसाला नुसत्या पाण्याचं तेवढं भय नसतं. पाणी शेंड्याच्या वर चढून पोंग्यात गाळ बसला, की ऊस आतून कुजतो. त्यांचा ऊस उभ्या-उभ्या गेला.

एका रात्री तिकडची तीस-चाळीस माणसं कुदळी घेऊन भराव फोडायला आली. आमची माणसं काठ्या घेऊन आडवी उभी राहिली. आमचंही म्हणणं खोटं नव्हतं, भराव एकदम फुटला तर खालच्या वस्तीवर लोंढा येणार होता. दोन्हीकडे सोयरेच. आण्णांची सख्खी बहीण त्या गावात दिलेली, तिचा नवरा कुदळ घेऊन पुढं. “दाजी, आमच्या लेकराबाळांवर पाणी सोडताय व्हय?” असं आण्णा म्हणाले, आणि दाजींनी विचारलं, “मग आमच्या रानात कुणाचं पाणी हाय, सांगा की!”

तंटा मिटला तो मोजणीनं. दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, भरावाच्या दोन्ही अंगांना खुट्ट्या ठोकायच्या आणि मोजायला दोन्ही गावांची माणसं जोडीनं बसवायची. आमच्या माणसानं त्यांची खुट्टी वाचायची, त्यांच्यानं आमची. सकाळी हिशेब झाला तेव्हा वरच्या अंगाला पाणी हातभर जास्त होतं, आणि हे आमच्या माणसानं आमच्या पारावर येऊन सांगितलं. मग कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही. पाणी उतरल्यावर दोन्ही गावांनी मिळून ओढ्याच्या जागी भराव काढला आणि तिथं दगडी फरशी केली. मोठ्या पुरात फरशीवरून पाणी जायचं, रस्ता चार दिवस बंद राहायचा, पण कुणाच्या रानात पाणी तटायचं नाही.

2005 साली, 2019 साली आणि पुन्हा 2021 साली जे झालं, ते या खुट्टीच्या हिशेबाबाहेरचं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यातली राजापूर, खिद्रापूर, अकिवाट, बस्तवाड अशी गावं वेढली गेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून जे जीव गेले, त्या बातमीनं घराघरांतली चूल पेटली नाही. पाऊस अतोनात झाला, यात वाद नाही. पण उघडीप मिळाल्यावरही आमच्याकडे पाणी बोटाबोटानं उतरत होतं. आण्णा असते तर म्हणाले असते, तटलंय.

कशानं तटलंय, यावर तेव्हापासून भांडण आहे. सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं 2020 च्या अहवालात थोड्या दिवसांत झालेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातले अडथळे, अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला जबाबदार धरलं नाही. काठावरच्या पुष्कळांना ते पटलं नाही. अलमट्टीत आज 519.60 मीटरपर्यंत पाणी साठवतात. कृष्णा पाणीतंटा लवादानं 2010 मध्ये 524.256 मीटरपर्यंत मुभा दिली, आणि ती उंची वाढवण्याची हालचाल झाली की इकडे माणसं रस्त्यावर येतात. 2025 च्या मे महिन्यात अंकलीच्या पुलावर चक्का जाम झाला तो त्यासाठीच. ती धास्ती मला रास्त वाटते. पावसाळ्यात अलमट्टी धरण आणि हिप्परगी बंधाऱ्याची पातळी किती ठेवायची, हे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावं आणि तिथले आकडे तासातासाला आमच्यापर्यंत यावेत, ही मागणी मीही करतो.

पण खिद्रापूरच्या पलीकडे नदी ओलांडली की कर्नाटकातलं जुगूळ लागतं. तिथली माणसं, शेजारच्या मंगावतीची माणसं, 2019 च्या त्याच ऑगस्टमध्ये जनावरं घेऊन घरं सोडून गेली. त्यांची भाषा कानडी, आमची मराठी, आणि सोयरीक दोन्हीकडे. अलमट्टीच्या वादात त्यांचं नाव आमच्या भाषणांत येत नाही, याचं मला वाईट वाटतं. तटलेल्या पाण्यात तेही आमच्याइतकेच उभे होते.

आणि दोनशे किलोमीटरवरच्या धरणाकडे बघताना आपल्या पायाखालचे भराव आपण विसरतो. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी चढून तो दिवसेंदिवस बंद पडला, तेव्हा रस्ता उंच करा अशी मागणी आली. पंचगंगेच्या वरच्या अंगाच्या गावांनी मात्र विचारलं, उंच कशावर करणार? भरावावर केलात तर आम्ही बुडतो, खांबांवर करा. अंकली-चोकाक रस्त्याबद्दल शिरोळ तालुक्यातला शेतकरी हेच विचारतो. हा जुना, आमच्या शिवेवरचाच प्रश्न आहे, फक्त भराव फार मोठा झालाय. खांबांना खर्च जास्त लागतो हे खरं. भरावानं जो ऊस कुजतो आणि जी घरं पडतात, त्यांचा खर्च मात्र रस्त्याच्या अंदाजपत्रकात कधी धरलेला नसतो. शहरंही यात मागं नाहीत. पूररेषेच्या आत मुरुम टाकून प्लॉट पाडले, ओढे नळ्यांत कोंबले. एक घर उंच झालं की शेजारचं खड्ड्यात जातं.

शेजाऱ्याचं पाणी आपल्या रानातून जाऊ देणं आमच्या लोकांना जमत नाही, असंही नाही. ज्या शिरोळ तालुक्यात पाण्याच्या अतिवापरानं हजारो एकर जमीन क्षारपड झाली, तिथंच जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून चोपण रानं पुन्हा पिकाखाली आणली गेली. एकट्यानं हे करता येत नाही. माझ्या रानातला निचरा ओढ्याला मिळायचा तर मधल्या चौघांच्या रानाखालून मुख्य पाइप न्यावा लागतो. बांधावरून कोर्टात गेलेल्या भाऊबंदांनी त्याला संमती दिलेली मी पाहिली आहे.

आमच्या गावची ती फरशी आता नाही. तिथं पुन्हा भराव टाकून डांबरी रस्ता झालाय, मोऱ्या पुन्हा नळ्यांच्याच आहेत. या वेळी दोन्ही गावांपैकी कुणालाच कुणी विचारलं नाही.

म्हणून काठावरच्या सगळ्यांना माझं एक सांगणं आहे. पावसाळ्याआधी आपल्या शिवारातल्या प्रत्येक भरावाच्या दोन्ही अंगांना फुटांच्या खुणा रंगवून घ्या. पूर आला की त्या वहीत उतरवा, तारीख-वेळेसह, आणि वाचायला शेजारच्या गावाचा माणूस सोबत घ्या. मग तो शिवेपलीकडचा असो की नदीपलीकडचा कानडी. पुढचा रस्ता मंजूर होईल तेव्हा ती वही घेऊन दोन्ही गावांनी एकत्र कचेरीत जायचं आणि खांबांचा पूल मागायचा.