ऱ्हाइनकाठचे दोन द्राक्षप्रांत

युरोपांतील चार-पांच देशांचा प्रवास योजिलेल्या एका स्नेही कुटुंबानें आम्हांस विचारिलें, ‘द्राक्षमळ्यांसाठीं दोनच दिवस राखिले आहेत, ते फ्रान्सच्या आल्सासांत घालवावे कीं जर्मनीच्या फाल्ट्समध्यें? वर्णनें वाचावीं तर दोन्ही सारखींच!’

प्रश्न रास्त आहे. वोज पर्वताची रांग सीमा ओलांडून उत्तरेस फाल्ट्समध्यें शिरते. तेथें तिचें नांव तेवढें बदलतें. पश्चिमेकडील पाऊस ती अडविते, म्हणून पूर्वेच्या उतारांवर ऊन भरपूर. सह्याद्रीपलीकडे पाऊस कां आटतो हें जाणणाऱ्या वाचकांस याहून अधिक सांगणें नको. रीसलिंग द्राक्ष दोहोंकडे आहे, आणि उंच निमुळती बाटलीही दोहोंकडे. आल्सासची मदिरा कोरडी व जर्मन गोड, हा समज आतां पुरा खरा नाहीं. शिवाय ज्यांच्या घरीं पेला उचललाच जात नाहीं, त्यांस चवीचें प्रयोजन काय? आमच्या मतें निवड इतिहासावरून करावी.

१८६९ सालीं आल्सासच्या रिकविर गांवीं जन्मलेला एखादा मळेवाला कल्पावा. तो जन्मानें फ्रेंच. १८७१ च्या फ्रांकफुर्टच्या तहानें जर्मन झाला, १९१८ त पुन्हां फ्रेंच, १९४० त, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, पुन्हां जर्मन आणि जगला असेल तर १९४५ त फ्रेंच. मळा सोडून तो कोठेंही गेला नव्हता! जर्मन अमलांत तेथील बरीच मदिरा इतर मदिरेंत मिसळण्यासाठीं घाऊक भावानें जाई. १९१८ नंतर तें गिऱ्हाईक तुटलें, आणि हलक्या वेली सोडून उंची जातींकडे वळणें प्राप्त झालें. आज आल्साससंबंधीं जो लौकिक ऐकूं येतो, त्याचें मूळ बऱ्याच अंशीं या अडचणींत आहे.

वेलींचें नुकसान भरून येतें. माणसांचें येत नाहीं. १९४२ पासून आल्सास व शेजारचा मोझेल मिळून सुमारें १,३०,००० तरुण सक्तीनें जर्मन सैन्यांत भरती झाले. बहुतेकांस रशियन आघाडीवर धाडिलें. १९४४-४५ च्या हिवाळ्यांतील लढाईंत रिकविर वांचलें, पण शेजारचें बेनविर जमीनदोस्त झालें. प्रवासी रिकविरचीं जुनीं लाकडी घरें पाहून हरखतात आणि तेथूनच परततात. त्यांनीं बेनविरचीं नवीं घरेंही पाहावीं, असें आम्हांस वाटतें.

फाल्ट्सही कांहीं सुखांत नव्हता. १६८९ सालीं, म्हणजे संभाजीमहाराजांचा वध झाला त्याच वर्षीं, चौदाव्या लुईच्या फौजांनीं तेथील श्पायर शहर जाळलें. पुढें १९३५ त नाझी अधिकाऱ्यांनीं मदिरेचा खप वाढावा म्हणून मळ्यांमधून ‘जर्मन मदिरामार्ग’ आंखला, आणि १९३६ त श्वायगेन गांवीं, फ्रेंच सीमेच्या अगदीं तोंडावर, दगडी वेस उभारली.

आम्हीं स्नेह्यांस लिहिलें, कीं मुक्काम आल्सासांत करावा, मात्र दुसरे दिवशीं व्हिसांबूर येथून पायीं श्वायगेनला जावें. श्वायगेनच्या कित्येक मळेवाल्यांचे मळे फ्रेंच हद्दींत आहेत. शरदांत तीं द्राक्षें सीमा ओलांडून जर्मन तळघरांत येतात आणि जर्मन मदिरा म्हणूनच विकलीं जातात.