युगोस्लाव्हिया एका दिवसात पेटला नाही

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.)

आमच्या पिढीने शाळेत नेहरू, नासर, टिटो ही तीन नावं एका दमात पाठ केली. अलिप्ततावादी चळवळ, 1961 ची बेलग्रेड परिषद, दोन मार्कांचा हमखास प्रश्न. त्यातल्या टिटोंचा देश, युगोस्लाव्हिया, आज नकाशावर नाही. त्यातून सहा देश निघाले आणि सातव्याचा, म्हणजे कोसोवोचा, वाद अजून मिटलेला नाही. 1990 च्या दशकातल्या तिथल्या युद्धांत सव्वा लाखाहून जास्त माणसं मेली. सुरुवातीला बाहेरून कुणी चाल करून आलं नव्हतं. एकमेकांचे शेजारीच होते.

या युद्धाबद्दल विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. "त्यांचं शेकडो वर्षांचं वैर होतं हो, कधीतरी पेटणारच होतं." हे उत्तर सोपं आहे, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण सर्ब आणि क्रोएट बोलायचे ती भाषा जवळपास एकच. सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, क्रोएट कॅथलिक, बोस्नियातले बरेच जण मुस्लिम. पण कम्युनिस्ट राजवटीत अनेकांचा धर्म लग्न, बारसं आणि मयत एवढ्यापुरता उरला होता. शहरांमध्ये एकमेकांत लग्नं व्हायची आणि त्याचं कुणाला फारसं नवल नव्हतं. अशा लोकांनी दहा-बारा वर्षांत एकमेकांची घरं जाळली. ते कसं झालं, हे पाहण्यासारखं आहे. कारण ते पायरी-पायरीने झालं, आणि प्रत्येक पायरीवर कुणाचा ना कुणाचा फायदा होता.

1980 साली टिटो गेले. मागे राहिलं परदेशी कर्जाचं ओझं. पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उतरू लागली. 1989 मध्ये महागाईचा वार्षिक दर चार आकड्यांवर गेला. कारखान्यांतून संप सुरू झाले. लोकांचा राग सरकारवर होता आणि तो रास्त होता. आता राज्यकर्त्यांपुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे हिशोब द्यायचा. दुसरी म्हणजे लोकांचं बोट दुसरीकडे वळवायचं.

ते वळवायला कोसोवो सापडलं. सर्बियातला हा स्वायत्त प्रांत, तिथे तीन चतुर्थांशांहून अधिक वस्ती अल्बेनियन भाषिकांची, त्यातही बहुतेक मुस्लिम. पण सर्बांचे अनेक जुने मठ तिथेच, आणि 1389 ची ऑटोमन सुलतानाविरुद्धची लढाईही तिथेच झालेली. तिथले सर्ब अल्पसंख्य होते, बरेच जण गाव सोडून जात होते, काहींना खरोखर त्रास होत होता. अल्बेनियनांचीही रड होती. देशातला सर्वात गरीब भाग, हाताला काम नाही, आणि 1981 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा ते आंदोलन बळाने चिरडलेलं. म्हणजे दोन्ही बाजूंचं गाऱ्हाणं खरं होतं. हे लक्षात ठेवा. भीती हवेतून तयार होत नाही, तिला खऱ्या दुखण्याचं बी लागतं.

24 एप्रिल 1987. स्लोबोदान मिलोशेविच नावाचा, तोवर रुक्ष बँकवाला म्हणून माहीत असलेला कम्युनिस्ट नेता कोसोवो पोल्ये गावात बैठकीला आला. बाहेर सर्बांचा जमाव, पोलिसांशी झटापट, दगडफेक. मिलोशेविच बाहेर येऊन म्हणाला, तुम्हाला मारायची कुणाची हिंमत होता कामा नये. बेलग्रेडच्या टीव्हीने हे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. दगडांचे ट्रक आधीच आणून ठेवले होते, हे त्या आंदोलनाच्या एका पुढाऱ्याने पुढे कॅमेऱ्यासमोर हसत हसत सांगितलं. पण तोवर काम झालं होतं. वर्ष संपायच्या आत मिलोशेविचने आपल्याच राजकीय गुरूला, इव्हान स्तांबोलिचला, खुर्चीवरून खाली उतरवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्बियातल्या एका लष्करी छावणीत एका अल्बेनियन जवानाने झोपलेल्या सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. चार जण मेले. त्यातले दोघे बोस्नियाचे मुस्लिम होते. तरीही वातावरण असं तापवलं गेलं की अल्बेनियनांनी सर्बांवर हल्ला केला. मेलेल्या सर्ब जवानाच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. त्या दोन मुस्लिम पोरांच्या मातीला कोण होतं, हे कुणाच्या लक्षात नाही.

आता माझ्या धंद्याबद्दल. 'पोलितिका' हे बेलग्रेडचं दैनिक 1904 साली सुरू झालेलं, प्रतिष्ठित, घराघरात विश्वासाने वाचलं जाणारं. 1988 मध्ये त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर सुरू झालं. नाव 'पडसाद आणि प्रतिक्रिया'. रोज पत्रं. अल्बेनियन असे, स्लोव्हेन तसे, क्रोएटांनी आपल्याला लुबाडलं, आपण झोपलोय, आता जागे व्हा. संपादकाने स्वतः लिहिलं असतं तर जबाबदारी आली असती. पत्र म्हटलं की "जनतेचा आवाज" आणि संपादकाचे हात स्वच्छ. मीही तालुक्याच्या पेपरात पत्रांचं पान बरीच वर्षं लावलंय. कुठलं पत्र वर घ्यायचं, कुठलं टोपलीत टाकायचं आणि कशाला मोठं शीर्षक द्यायचं, हे जनता ठरवत नाही, पान लावणारा ठरवतो. त्या सदराने तीन वर्षांत जे केलं ते हजार भाषणांना जमलं नसतं. कारण भाषण पुढाऱ्याचं असतं. पत्र आपल्यासारख्याच कुणा मास्तराचं किंवा पेन्शनराचं असतं, आणि त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो.

राजकारण आलं, पेपर आला. राहिला धर्म. 1389 च्या लढाईत पडलेला राजा लाझार सर्बांच्या चर्चने संत मानलेला. 1988-89 मध्ये त्याच्या अस्थी मठामठांतून फिरवल्या गेल्या. लोक तासन्तास रांगा लावून दर्शन घेत होते, रडत होते. त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं दाबलेली श्रद्धा होती ती. पण त्या पेटीबरोबर गावोगाव आणखी एक गोष्ट पोचत होती: सहाशे वर्षांपूर्वीचा पराभव काल झालाय, आणि शत्रू शेजारच्या गल्लीत राहतो. 28 जून 1989 ला गाझिमेस्तानच्या माळावर लाखोंचा मेळावा भरला. मिलोशेविच हेलिकॉप्टरने उतरला आणि म्हणाला की आपण पुन्हा लढायांपुढे उभे आहोत. त्या सशस्त्र नाहीत, पण तशाही होणारच नाहीत असं सांगता येत नाही. मंचामागे काळ्या झग्यातले धर्मगुरू होते आणि बोलत होता कम्युनिस्ट पक्षातून वर आलेला माणूस. ज्याला देवाशी आयुष्यभर काही देणंघेणं नव्हतं त्याला देव कामाला आला.

पलीकडे काही संत बसले नव्हते. क्रोएशियात 1990 च्या निवडणुकीत फ्रान्यो तुजमान जिंकला. लाल-पांढऱ्या चौकटींचं जुनं चिन्ह पुन्हा झेंड्यावर आलं. ते चिन्ह मूळचं जुनंच, पण दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या पाठिंब्यावर चाललेल्या उस्ताशा राजवटीनेही तेच वापरलेलं. त्या राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली होती. क्रोएशियातल्या सर्ब म्हाताऱ्यांना ते चिन्ह पाहून काय वाटलं असेल? त्यात सर्बांना पोलिसातून, नोकरीतून काढणं सुरू झालं. म्हणजे बेलग्रेडचा टीव्ही जी भीती विकत होता, तिचा कच्चा माल झाग्रेबच पुरवत होतं.

यासेनोवाट्स या उस्ताशांच्या छळछावणीत किती मेले, यावर दोन्हीकडे बोली लागली. सर्ब बाजू सात लाख म्हणे. तुजमान तीस-चाळीस हजारांवर यायचा. पुढे नावानिशी यादी झाली, तिच्यात 83 हजारांहून थोडी जास्त नावं आहेत. मेलेल्यांचं सुतक कुणालाच नव्हतं, आकडा हवा होता. 1990-91 मध्ये हर्जेगोव्हिनातल्या डोंगरी कपारींत टाकलेल्या सर्बांची हाडं पन्नास वर्षांनी बाहेर काढून पुरली गेली. मृतांना मूठमाती मिळाली, ते योग्यच झालं. पण ते टीव्हीवर दिवसेंदिवस चाललं, आणि प्रश्न "हे कुणी केलं" असा राहिला नाही, "हे पुन्हा कोण करणार" असा झाला. इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. 1991 मध्ये सर्बांचे पॅट्रिआर्क पाव्हले आणि क्रोएटांचे कार्डिनल कुहारिच दोनदा भेटले, शांततेचं आवाहन केलं. पण तोवर त्यांच्या हातातली घंटा दुसरेच वाजवत होते.

मार्च 1991 ची गंमत बघा. 9 तारखेला बेलग्रेडमध्ये हजारो सर्ब नागरिक मिलोशेविचच्या ताब्यातल्या टीव्हीविरुद्ध रस्त्यावर उतरले. खोटं बोलणं बंद करा, एवढीच मागणी. दोघांचा जीव गेला, राजधानीत रणगाडे आणले गेले. खुर्ची खरोखर हलली होती. आणि 25 मार्चला हाच मिलोशेविच त्याच तुजमानला कारादोर्देवोच्या शिकारी बंगल्यावर भेटला. बोलण्याची लेखी नोंद नाही, पण बोस्निया वाटून घेण्याचा विषय निघाल्याचं नंतर जवळच्या लोकांनी सांगितलं. खाली कार्यकर्ते एकमेकांच्या उरावर बसायला तयार, वर साहेब लोक एका टेबलावर.

आणि आता मला ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहाविशी वाटली तो माणूस. योसिप राइल-किर. क्रोएशियातल्या ओसियेक शहराचा पोलीस प्रमुख. त्याच्या भागात सर्ब गावांनी एकीकडे आणि क्रोएट गावांनी दुसरीकडे रस्त्यावर अडथळे टाकले होते. हा माणूस गावोगाव जायचा. दोन्हीकडच्या लोकांशी बसून बोलायचा. तुम्ही एक अडथळा काढा, ते एक काढतील. अनेक ठिकाणी लोक ऐकायचे. एप्रिलमध्ये सत्ताधारी पक्षाच्या काही बड्या मंडळींनी रात्री बोरोवो सेलो या सर्ब गावावर रॉकेटं डागली. त्यातलं एक न फुटलेलं रॉकेट बेलग्रेडच्या टीव्हीवर पुरावा म्हणून झळकलं. 2 मेला त्याच गावात 12 क्रोएट पोलीस मारले गेले. तरी राइल-किर फिरतच राहिला. जीवाला धोका आहे हे त्याला कळत होतं, त्याने बदलीही मागितली होती. 1 जुलै 1991 ला तो वाटाघाटींसाठी टेन्या गावाकडे निघाला असताना नाक्यावर त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. सोबतचे दोन स्थानिक पदाधिकारीही ठार झाले. मारणारा शत्रू पक्षाचा नव्हता. क्रोएटच होता, राखीव पोलीस दलातला. त्याला मध्ये एकदा माफीही मिळाली. पुढे ती रद्द झाली आणि ऑस्ट्रेलियातून आणून शिक्षा झाली, पण तोवर पंधरा-सोळा वर्षं गेली होती.

युद्ध हवं असलेल्यांना शत्रू लागतोच. त्याला ते मारत नाहीत. आधी मारतात ते मधल्या माणसाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. वुकोवारचा 87 दिवसांचा वेढा. शहर पडल्यावर 41 सर्ब बालकांची कत्तल झाल्याची बातमी जगभर गेली. दुसऱ्या दिवशी वृत्तसंस्थेने ती मागे घेतली, कारण असं घडलंच नव्हतं. पण बातमी ऐकलेल्या माणसाने खुलासा ऐकलेला असतोच असं नाही. 1994 मध्ये बेलग्रेडच्या एका खपाऊ दैनिकाने आईच्या थडग्यावर पडलेल्या अनाथ मुलाचा फोटो छापला. तो फोटो नव्हताच. उरोश प्रेदिचने 1888 साली काढलेलं चित्र होतं. म्हणजे फोटोशॉप आणि एआयच्या आधीही हे चालायचं.

संयुक्त राष्ट्रांनी मार्च 1992 मध्ये तिथे शांतिसेना पाठवली, तिचा पहिला प्रमुख भारतीय होता: मराठा लाइट इन्फंट्रीचे, 1971 च्या युद्धातले वीरचक्र विजेते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. त्यांचं मुख्यालय सारायेवोत होतं आणि महिन्याभरात सारायेवोच पेटलं. स्रेब्रेनित्सात जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलं मारली गेली.

ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून हे सगळं झालं, त्या सर्बांचं काय झालं? 1993 मध्ये त्यांच्या हातात 500 अब्ज दिनारची नोट होती, आणि जानेवारी 1994 पर्यंत तिलाही किंमत उरली नव्हती. त्या नोटेवर चित्र होतं योव्हान योव्हानोविच झ्माय यांचं, लहान मुलांसाठी कविता लिहिणाऱ्या कवीचं. क्रोएशिया आणि कोसोवोतून लाखो सर्ब निर्वासित झाले. मिलोशेविच 2006 मध्ये हेगच्या कोठडीत खटला चालू असतानाच वारला. सर्बियाच्या सरकारी टीव्हीने 2011 मध्ये आपल्या त्या काळातल्या बातम्यांबद्दल माफी मागितली. वीस वर्षांनी.

मला यातून एवढंच दिसतं. भीती दाखवणारी बातमी आली की ती खरी की खोटी हा पहिला प्रश्न झाला. पण तेवढ्यावर थांबू नका. बातमी अर्धी खरी असतेच. दुसरा प्रश्न विचारा: आज ही बातमी नसती तर आपण कशाबद्दल बोलत असतो? महागाईबद्दल? पाण्याबद्दल? कुणाच्या हिशोबाबद्दल?

आणि आपल्या गावात राइल-किरसारखी माणसं असतात. दोन्ही मोहल्ल्यांत ज्यांचा चहा होतो अशी. तणाव झाला की रात्री दोन वाजता फोन उचलणारी, "जाऊ द्या ना दादा" म्हणत दोघांच्या मध्ये उभी राहणारी. त्यांना "तू कुणाच्या बाजूने आहेस" असं विचारायची फॅशन आली की समजा, पायऱ्या बऱ्याच चढून झाल्यात. त्यांना एकटं पाडू नका.